नाईलकाठचा बांध आणि नाईक उईके

दक्षिण सुदानला जायचं आहे हे मला दुपारी सव्वादोन वाजता कळलं. मी वर्कशॉपमध्ये डोझरच्या ट्रॅकखाली आडवा पडलो होतो. क्लार्क हवालदार वाकून म्हणाला, "साहेब, कंपनी का नाम आ गया. अफ्रीका." मी म्हटलं, "पहले पाना दे." त्याने पाना दिला, मी पिन बसवली आणि मगच बाहेर आलो.

तेव्हा मी इंजिनियर कंपनीत नायब सुभेदार होतो. आमचं काम बंदुकीपेक्षा मशीनशी जास्त. रस्ते, पूल, बांध. मूळ गाव भिवापूर तालुक्यातलं, घर नागपुरात. बायकोला फोन केला.

"कोठी?" ती म्हणाली.

"दक्षिण सुदान. आफ्रिकेत. शांतिसेनेत, एक वर्ष."

"आपली बॉर्डर सोडून त्याह्यच्या देशात काहून?"

"ऑर्डर आहे."

मग ती म्हणाली, "स्वेटर लागंन का?" मी म्हटलं, नाही लागणार, तिकडे नागपूरसारखंच तापतं. हे मी अंदाजाने ठोकून दिलं होतं. पण खरं निघालं.

आम्ही पोचलो ते जानेवारीत. नाईलच्या काठावरचं एक गाव, बाजूला विमानाची धावपट्टी, आणि धावपट्टीला लागून विस्थापितांची छावणी. लढाईमुळे आणि पुरामुळे गाव सोडून आलेली हजारो माणसं तिथे ताडपत्रीखाली राहत होती. नदी आणि छावणी यांच्यामध्ये मातीचा एक बांध. तो आमच्याकडे सोपवला होता. पावसाळ्याआधी उंच करायचा, रुंद करायचा आणि पावसाळाभर टिकवायचा. एवढं काम.

पहिल्या सकाळी मी बांधाची पाहणी करायला निघालो. सोबत नाईक सुखदेव उईके होता, पारशिवनी तालुक्यातला. माझा सगळ्यात चांगला डोझर ऑपरेटर. कमी बोलायचा. मशीन सुरू करण्याआधी खाली उतरून मातीला हात लावायची त्याची सवय होती. तिथेही तो बसला. जमीन भेगाळलेली होती. त्याने एका भेगेत हात घातला, तो कोपरापर्यंत आत गेला.

"साहेब, हे तं आपली काळी हाय," तो म्हणाला. "पान्याच्या आधी काम नाही उरकलं तं काही खरं नाही."

शांतिसेनेच्या मिशनच्या नकाशावर त्या सगळ्या पट्ट्यावर इंग्रजीत छापलं होतं, ब्लॅक कॉटन सॉइल. वर्षभरात मी तिथे कपाशीचं एक बोंड पाहिलं नाही. पण मातीचं नाव तेच, आणि गुणही तेच. उन्हात दगड, पावसात लोणी. वाळली की फाटते, भिजली की फुगते. बाकीच्या देशांचे इंजिनियर तिला शिव्या देत. आम्हा दोघांना ती लहानपणापासून ओळखीची होती.

"बरोबर बोलून राहिला हा," मागून कोणी तरी म्हणालं.

आम्ही दोघंही वळलो. साडेसहा फूट उंच, सडसडीत माणूस. कपाळावर जुन्या आडव्या खुणा. गळ्यात मिशनचं ओळखपत्र, त्यावर लिहिलेलं: दुभाषा.

"मी माब्योर. तीन वर्षं नागपुरात शिकलो. बी.कॉम.," तो म्हणाला. "घरमालकीण काकूंना माझं नाव जमे नाही. त्या मले मेहबूब म्हणत. तुम्ही कुठले?"

"भिवापूर."

"मिरचीवालं भिवापूर! काकू तिथलीच मिरची आणत. पहिल्या दिवशी मी रडलो होतो."

उईके हसला. त्याला मोठ्याने हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

तिथपासून ते दोघं सोबतच दिसू लागले. काम सकाळी सहाला सुरू व्हायचं. अकरा ते तीन उन्हामुळे बंद, मग पुन्हा अंधार पडेपर्यंत. दुपारच्या सुट्टीत उईके माब्योरबरोबर फिरायचा आणि संध्याकाळी मला रिपोर्ट द्यायचा. "साहेब, इथंही ज्वारी हाय. आपल्याहून दुप्पट उंच." "साहेब, ज्वारीचं पीठ आंबवून पातळ पोळी करते हे लोक. आपल्या आंबिलीसारखी चव लागते." एकदा म्हणाला, "साहेब, मच्छर पळवाले शेणाचाच धूर करते. वास आला अन् डोळे मिटले. घरीच असल्यासारखं वाटलं."

सगळ्यात जास्त तो गुरांबद्दल बोलायचा. त्या लोकांचा जीव गुरांमध्ये असतो. माब्योर या शब्दाचा अर्थच पांढरा बैल. तिथे पुरुषाला बैलाच्या रंगावरून नाव देतात. प्रत्येकाचा एक लाडका बैल असतो, त्याच्यावर तो स्वतः गाणं रचतो आणि त्याच्या शिंगांना गोंडे बांधतो.

पोळ्याच्या दिवशी सकाळी उईके माझ्यासमोर सावधान उभा राहिला.

"साहेब, दोन घंट्याची सुट्टी पायजे."

"कशाला?"

"माब्योरच्या बैलाची पूजा करतो म्हणलं. इकडं त्याह्यले पोळा मालूम नाही."

मीही गेलो. उईकेने कुकहाउसमधून हळद आणि तूप आणलं होतं. पांढरा, लांब शिंगांचा उंच बैल. उईकेने त्याच्या खांद्याला हळद-तूप चोळलं आणि पायांवर पाणी घातलं. भोवती पंचवीस-तीस माणसं जमली.

माब्योरने विचारलं, "खांद्यालाच काहून?"

"जू तिथंच ठेवतो ना आपण. वर्षभर घासून घासून दुखते."

"जू? म्हणजे त्याला कामाला लावता?" माब्योरने लोकांना सांगितलं. माणसं एकमेकांकडे पाहू लागली. तिथे लाडक्या बैलाच्या मानेवर कोणी काही ठेवत नाही. एक म्हातारा रागावून काही तरी बोलला.

माब्योर म्हणाला, "ते विचारून राहिले, त्याच्यावर प्रेम करता अन् त्याच्या मानेवर लाकूड ठेवता?"

उईकेचं तोंड पडलं. तो म्हणाला, "त्याह्यले सांग, म्हणूनच आज माफी मांगतो आम्ही."

माब्योरने ते सांगितलं. म्हातारा पुढे आला, तुपाच्या वाटीत बोटं बुडवली आणि बैलाच्या दुसऱ्या खांद्याला स्वतः चोळलं.

लोक मला विचारतात, तिकडच्या लोकांमध्ये तुम्ही काय पाहिलं? मी ही गोष्ट सांगतो. ज्या माणसाचं घर दोनदा वाहून गेलंय, गुरं अर्धी मेलीत, तो परक्याचं ऐकून घेतो आणि त्याच्या माफीत सामील होतो. असं मन माझ्याकडे असतं का, मला माहीत नाही.

सप्टेंबरपासून नदी चढू लागली. पाऊस आमच्याकडे थांबला तरी नदीच्या वरच्या भागातून पाणी येतच होतं. ऑक्टोबरमध्ये नदीच्या बाजूने पाणी बांधाच्या माथ्यापासून हातभर खाली होतं. छावणी पाण्याच्या पातळीच्या खाली. गुरंही उरलेल्या कोरड्या जागेत, बांधाच्या उत्तर टोकाला दाटीवाटीने उभी होती.

तो मंगळवार होता. सकाळी पाच वाजून चाळीस मिनिटांनी बांधावरच्या गस्तीचा रेडिओ आला.

"ब्राव्हो थ्री से ब्राव्हो. मार्कर चार पे पानी रिस रहा है. ओव्हर."

"साफ या मटमैला? ओव्हर."

"मटमैला. ओव्हर."

बांधातून स्वच्छ पाणी झिरपलं तर चालतं. गढूळ आलं म्हणजे बांध आतून खाल्ला जातोय. उन्हाळ्यातली एखादी भेग पोटात उघडी राहिली होती. मी मेजर साहेबांना उठवलं. आमचे कंपनी कमांडर, केरळचे, वयाने माझ्यापेक्षा लहान आणि डोक्याने थंड.

सहा वाजता आम्ही मार्कर चारवर, म्हणजे बांधावरच्या चौथ्या खुणेच्या खांबाशी होतो. छावणीच्या बाजूने, बांधाच्या पायथ्याशी, मनगटाएवढी धार सुटली होती. दोन डोझर, एक एक्सकॅव्हेटर, तीन टिप्पर. मुरुमाचा साठा दहा वाजेपर्यंत संपला. पुढे टाकायला काळी मातीच होती, ओली. त्यात पहिला डोझर अर्ध्या ट्रॅकपर्यंत बसला. तो ओढून काढण्यात पाऊण तास गेला.

छावणीतल्या बायका कोणी न बोलावता आल्या होत्या. धान्याच्या रिकाम्या पोत्यांत चिखल भरून, रांग लावून, हातोहात वर देत होत्या. पण टाकलेली माती घट्ट बसत नव्हती. रोलर नेला तर रोलर बुडणार.

मेजर साहेब म्हणाले, "साहब, दबाएँ किससे?"

उईके माझ्या बाजूला उभा होता. मला मराठीत म्हणाला, "साहेब, आमच्या गावच्या तलावाची पाळ आमच्या आज्याच्या वेळी बैलांनी तुडवली होती. अजून हाय."

हे माब्योरनेही ऐकलं. आम्ही तिघांनी उत्तर टोकाकडे पाहिलं. तिथे शेकडो गुरं उभी होती.

मी मेजर साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "देंगे वो लोग?"

तिथल्या माणसाला कमकुवत बांधावर गुरं चालवायला सांगणं म्हणजे त्याचं सगळं मागणं. माब्योर गेला. दुरून आम्हाला फक्त हात हलताना दिसत होते. पाच मिनिटं, दहा मिनिटं. कोणी हलेना. मग माब्योरने वाद सोडला. स्वतःच्या पांढऱ्या बैलाचा दोर धरला आणि त्याला एकट्याला बांधावर घातलं. बैल बिचकला. माब्योर गाऊ लागला. त्याच्या पुढे उलटं चालत, पाठ आमच्याकडे करून, तो गात येत होता, आणि बैल त्याच्या मागोमाग पाय टाकत होता. मार्कर चारच्या ताज्या भरावावरून तो पार झाला.

मग त्या म्हाताऱ्याने आपला कळप सोडला. मग बाकीच्यांनी.

साडेअकरापासून दीडपर्यंत गुरं त्या भरावावरून येत-जात होती. वर आम्ही हातभर माती टाकायचो, ती तुडवायची, पुन्हा आम्ही टाकायचो. मी बावीस वर्षं मशीनवर काढली. एवढी चांगली दाबलेली माती मी पाहिली नाही. दीड वाजता पायथ्याची धार थांबली. मेजर साहेबांनी हेल्मेट काढलं आणि डोक्यावर पाणी ओतलं. मला वाटलं, झालं.

दोन वाजून पाच मिनिटांनी मार्कर चारच्या दक्षिणेला, साठ-सत्तर पावलांवर, बांधाचा माथा खचला. नदी वरून वाहू लागली. तिथे पाण्याचा आवाज एवढा होता की गुरं पुढे यायला तयार होईनात. मशीनशिवाय मार्ग नव्हता.

"मी जातो, साहेब," उईके म्हणाला. मी नाव घेण्याआधीच तो चढला होता.

"सीटबेल्ट लावू नको. दरवाजा उघडा ठेव," मी म्हटलं. पाण्याजवळ आमचा तोच नियम.

"जी, साहेब."

डावीकडे नदी, उजवीकडे छावणी. उईके माथ्यावरून माती ढकलत पुढे गेला. पहिले तीन फेरे व्यवस्थित झाले. वाहतं पाणी निम्म्यावर आलं. उजव्या उतारावर बायकांची रांग पुन्हा उभी राहिली, पोती वर देत. आम्ही त्यांना मागे व्हा म्हणून ओरडत होतो. त्या हलत नव्हत्या. त्यांची मुलं खाली छावणीत होती.

दोन वाजून बावन्न मिनिटांनी चौथ्या फेऱ्यात उजवा ट्रॅक खचू लागला. माथ्याची उजवी कड सुटत होती. मशीन छावणीच्या बाजूला कललं. खाली वीस-पंचवीस बायका.

मी हँडसेटवर ओरडलो, "उईके, कूद! डावीकडून कूद!"

दरवाजा उघडा होता. त्याच्याकडे वेळ होता, दोन-तीन सेकंद. त्याने मान वळवून उजवीकडे खाली पाहिलं. मग तो परत सीटवर नीट बसला. डावा ट्रॅक धरला आणि उजव्याला पूर्ण जोर दिला. इंजिनाचा तो आवाज मी विसरलेलो नाही. खचणाऱ्या मातीत ते मशीन जागच्या जागी फिरलं, तोंड नदीकडे झालं, आणि वीस टन लोखंड डाव्या बाजूने पाण्यात गेलं. उजवीकडे एक ढेकूळही त्या बायकांवर पडलं नाही.

मशीन उलटं पडलं होतं. दरवाजा खाली चिखलात दबला. माझ्याआधी माब्योर पाण्यात होता. आम्ही चौघं. काहीच दिसत नव्हतं, सगळं हाताने. मागची काच माब्योरने मुठीने आणि नंतर दगडाने फोडली. अकरा मिनिटांनी उईकेला बाहेर काढलं. डॉक्टर कॅप्टनने बांधावरच प्रयत्न सुरू केले. तीन वाजून अडतीस मिनिटांनी ते थांबले आणि घड्याळ पाहिलं.

मेजर साहेब म्हणाले, "काम रोको. सबको पीछे लो."

मी ऑर्डर दिली. आमची माणसं मागे आली. छावणीतले लोक आले नाहीत. बायकांनी पोती पुन्हा उचलली. नदीत आडव्या आलेल्या मशीनमुळे त्या जागी प्रवाहाचा जोर थोडा मोडला होता. म्हाताऱ्याने स्वतः जाऊन गुरं हाकली, आणि जी जनावरं दीड तासापूर्वी तिथे पाऊल टाकत नव्हती, ती माणसांच्या गर्दीमागून आली. मेजर साहेबांनी दोन मिनिटं पाहिलं आणि मला हळूच म्हणाले, "साहब, चलो." आम्ही पुन्हा फावडी घेतली. पाच वाजून वीस मिनिटांनी बांध बंद झाला. तो त्या वर्षी पुन्हा फुटला नाही.

दुसऱ्या दिवशी धावपट्टीवर आमची तुकडी सलामीला उभी होती. पेटी तिरंग्यात. विमानाच्या बाजूला, दोरीच्या पलीकडे, छावणीतली माणसं सकाळपासून येऊन थांबली होती. त्यांनी अंगाला राख फासली होती. तो त्यांचा शोक. शेणाची पांढरी राख. माब्योरचा उजवा हात गळ्यात बांधलेला होता, काचेने स्नायू तुटले होते. त्याने डाव्या हाताने सलाम केला. नियमात बसत नाही.

पेटीबरोबर मी आलो. नागपूर विमानतळावरून पारशिवनीला, तिथून गावाला. सुखदेवचे वडील, मारोती उईके, दारात उभे होते. सुखदेवचं लग्न झालं नव्हतं, आई लहानपणीच गेलेली. घरात दोघंच होते, आता एकटे. मी काय घडलं ते वेळेसकट सांगितलं. आम्हाला तेवढंच नीट येतं. त्यांनी सगळं ऐकलं आणि एकच विचारलं.

"त्या बाया वाचल्या का?"

"सगळ्या."

ते आत गेले. बऱ्याच वेळाने बाहेर आले तेव्हा माझ्यासाठी पाणी घेऊन आले.

आता मी रिटायर होऊन नागपुरात असतो. दर ऑक्टोबरमध्ये त्या दिवशी सकाळी बसने पारशिवनीला जातो. मारोतीकाका आता पंच्याहत्तरीच्या पुढे आहेत. पहिली काही वर्षं आम्ही नुसते बसायचो. मागच्या वर्षी माझ्या फोनवर माब्योरचा निरोप आला की त्यांच्याकडे आता नेट चालतं, व्हिडिओ कॉल करता येईल. मी काकांना विचारलं. ते म्हणाले, "लावा."

माब्योर पडद्यावर आला. केस पिकलेत. तो बांधावर उभा होता. काका म्हणाले, "तुहा हात कसा हाय, बापू?"

मला वाटलं होतं ते मुलाबद्दल विचारतील.

माब्योरने हात वर केला. "मूठ वळत नाही, बाबा. बाकी सगळं काम करतो."

"थंडीत दुखते का?"

"इथं थंडी नाही, बाबा. नागपूरसारखंच आहे."

काका मान हलवत राहिले. मग म्हणाले, "मले ते जागा दाखव."

माब्योरने फोन फिरवला. बांधावर आता गवत आहे. वरून बायका डोक्यावर भारे घेऊन जात होत्या. खाली काठाला पोरं पाण्यात उड्या मारत होती. एक बाई थांबली आणि त्यांच्यावर जोरात ओरडली. त्यांची भाषा आम्हाला कळत नाही. पण त्या ओरडण्यातला एक शब्द आम्हा दोघांना स्पष्ट ऐकू आला. काकांनी फोन हातात घेतला.

"का म्हणली ते? उईके म्हणली ना?"

"हो, बाबा. या जागेला सगळे उईकेच म्हणतात. ती पोरांना सांगून राहिली, उईकेच्या पुढं जाऊ नका, तिथं पाणी खोल आहे."

काका पडद्याकडे पाहत होते. तिकडे पोरांचा कालवा चालूच होता.

"अन् आयकते का पोट्टे?" त्यांनी विचारलं.

माब्योरने वळून पाहिलं. पोरं एकेक करून पाण्यातून वर येत होती.

"ऐकतात, बाबा," तो म्हणाला.